लेवीयचा एकोणिसावा अध्याय आणि कांद्याची पट्टी

आमच्या ठाण्याच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) होऊन गेलेल्या मुलामुलींपैकी कोणाला पहिली नोकरी लागली की त्यांच्या आया त्यांना उपासनेनंतर माझ्याकडे पाठवतात. मी पाळक नाही आणि धर्मशिक्षणाची पदवीही माझ्याकडे नाही. २००६ सालापासून मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात अडत्याच्या पेढीवर हिशेब लिहिते, एवढीच माझी पात्रता. मुलांचा प्रश्न बहुधा एकच असतो: रविवारी ऐकलेले वचन सोमवारी कामावर पाळायचे म्हणजे नेमके करायचे काय? त्याचे उत्तर चहाच्या कपाबरोबर पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचनाची सुरुवात कोठून करावी हे आधी सांगते, कारण बहुतेकांची गाडी तेथेच अडते. उत्साहाने उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून निघालेला वाचक योसेफाची गोष्ट संपेपर्यंत छान चालतो, निर्गमातील तांबडा समुद्रही ओलांडतो, आणि निवासमंडपाच्या (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूच्या) पडद्यांची व फळ्यांची मापे सुरू झाली की पुस्तक मिटून ठेवतो. नव्याने नोकरीला लागलेल्याने मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांतापासून, निघावे. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचे आहे, आणि त्यात येशू जाळी टाकणाऱ्यांना व जकातीच्या नाक्यावर बसलेल्या लेवीला त्यांच्या कामाच्या जागीच गाठतो. त्यानंतर याकोबाचे पत्र घ्यावे; त्याच्या पाच अध्यायांत वचन नुसते ऐकणाऱ्याला आरशात तोंड पाहून ते लगेच विसरणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस असल्यामुळे पुष्कळजण तारखेप्रमाणे रोज एक वाचतात, तेही चांगले. मी स्वतः मात्र एकच अध्याय आठवडाभर वाचते. ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावरून गाडी सुटली की पुस्तक उघडायचे आणि रबाळे-घणसोलीला गर्दी अंगावर आली की मिटून, वाचलेली शेवटची ओळ मनात धरून तुर्भ्यापर्यंत उभे राहायचे, हा माझा क्रम आहे. सोमवारी जी ओळ निरर्थक वाटते ती गुरुवारी अडवून धरते, असा माझा अनुभव आहे.

भाषेचीही अडचण येते. घरातील जुन्या पवित्र शास्त्रातील 'धार्मिकता', 'तारण', 'नीतिमान' हे शब्द इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांच्या कानावरून नुसते निघून जातात. एका मुलाने मला विचारले होते, “ताई, हे 'अनुवाद' नावाचं पुस्तक म्हणजे कशाचा अनुवाद?” ते मोशेचे पाचवे पुस्तक आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मराठीत शास्त्र सोपे करण्याची खटपट जुनी आहे. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली निघाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांनाही समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र उतरवण्याचे काम १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केले. आणि आपल्या जवळच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' तर आजही सहज मिळते. माझा सल्ला असा की घरातील जुनी प्रत सोडू नये, पण शेजारी एक सोपी प्रत उघडी ठेवावी आणि दोहोंचे शब्द जेथे वेगळे पडतात तेथे थांबावे.

आणखी एक सावधगिरी, आणि ती मी जरा कठोरपणे सांगते. कॅलेंडरवर छापलेल्या सुट्या वचनांवर विश्वासाचे घर बांधू नये. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावी ओळ, 'तुमच्या हिताचेच संकल्प मी करतो' अशा अर्थाची, जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती घरात भिंतीवर असते आणि मुलाखतीला निघालेल्या मुलाला ती मोबाइलवर पाठवली जाते. हे शब्द बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातील आहेत, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे सांगितले आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा रस्ता दिसणारच नव्हता. त्यांना त्याच पत्रात, पाचव्या ते सातव्या ओळीत, घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा, असे सांगितले आहे. अहिल्यानगर, जालना, सोलापूर येथून येऊन ऐरोली-कोपरखैरण्याच्या इमारतींत भाड्याने राहणाऱ्या आणि 'हे काही आपले गाव नाही' असे म्हणत सोसायटीच्या सभेलाही न जाणाऱ्या आपल्या लोकांना अकराव्या ओळीपेक्षा सातवी अधिक लागू पडते, असे माझे मत आहे.

आता ज्या अध्यायाने मला अडवले त्याकडे येते. २०११ च्या मार्चमध्ये मी लेवीय, म्हणजे मोशेचे तिसरे पुस्तक, वाचत होते आणि एकोणिसाव्या अध्यायाचा आठवडा चालू होता. त्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी ठेवण्याची आज्ञा आहे, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे न ठेवण्याची आहे, आंधळ्याच्या वाटेत अडखळण न ठेवण्याची आहे, आणि शेवटाकडे खरा तराजू व खरी मापे ठेवण्याची आहे. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा, जिला येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हटले, तीही याच अध्यायातील अठरावी ओळ आहे. आपण ती सुटी करून वापरतो. मुळात ती मजुरीच्या पाच ओळी खाली आणि तराजूच्या सतरा ओळी वर बसलेली आहे.

त्याच आठवड्यात जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याच्या १२० गोण्यांची पट्टी माझ्यासमोर आली. बाजार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: काट्यावर भरलेले वजन तोलार, म्हणजे माल तोलणारा, चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी हिशेबनिसाकडे येते, आणि तो शेतकऱ्याची पट्टी करतो. पट्टीवर वजन, दर आणि रक्कम असते, त्यातून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे वजा होते आणि खाली शेतकऱ्याला मिळणारी शिल्लक असते. मी ज्या पेढीवर तेव्हा होते तेथे अशी पद्धत होती की ओल, माती आणि सडका कांदा यांच्या नावाने गोणीमागे एक किलो कडता, म्हणजे वजनातील घट, चिठ्ठीवरच कापायचा आणि पट्टीवर उरलेलेच वजन लिहायचे. माल सुका असो वा ओला, कडता ठरलेला. त्या दिवशी दर आठ रुपये होता, म्हणजे १२० किलोचे ९६० रुपये शेतकऱ्याच्या घरी पोहोचणार नव्हते, आणि ते कापले गेले हे त्याला कागदावर कोठे दिसणारही नव्हते. अशा पट्ट्या मी पाच वर्षे केल्या होत्या. 'आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको' ही ओळ मी तोवर चालता-बोलता लोकांनी वाटेत दगड न टाकण्याविषयीची समजत होते.

मी जे केले ते नवख्या उत्साहाने केले आणि ते चुकले. मी शेठच्या केबिनमध्ये पवित्र शास्त्र घेऊन गेले आणि तराजूची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. शेठ शांतपणे म्हणाले, “मॅडम, देऊळ रविवारी, बाजार सोमवारी.” संध्याकाळपर्यंत वजनातील तफावतीचा ठपका तोलारावर ठेवला गेला आणि महिनाभर त्याला आमच्या गाळ्यावर काम मिळाले नाही. तो मला फाटकाजवळ भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, “ताई, तुमचं शास्त्र खरं असेल, पण मार माझ्या पोटावर बसला.” त्याला तीन मुले होती. मी त्या दिवशी गाडीत पुस्तक उघडले नाही.

शेठच्या वाक्याचे उत्तर मला पुढे आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातील आठव्या अध्यायात सापडले, पण ते त्यांना ऐकवण्याची खुमखुमी तोवर गेली होती. आमोस ज्या व्यापाऱ्यांना झोडपतो ते देवाला विसरलेले नव्हते. ते शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विसाव्याचा दिवस, पाळत होते, आणि तो पाळताना 'शब्बाथ कधी सरेल, म्हणजे धान्य विकू, माप लहान करू, तराजू फसवा करू' असे मनात म्हणत होते. रविवार आणि सोमवार वेगळे ठेवणाऱ्यांत त्या अध्यायाच्या हिशेबाने मीही पाच वर्षे होते.

महिन्याभराने मी पुन्हा केबिनमध्ये गेले, या वेळी पट्टीचा कोरा नमुना घेऊन. काट्यावरचे मूळ वजन आणि कडता यांच्यासाठी दोन वेगळे रकाने असावेत, म्हणजे चिठ्ठी आणि पट्टी जुळतील आणि वर्षअखेरीला हिशेब तपासताना तफावत उरणार नाही, एवढेच मी म्हटले, आणि ते खरेही होते. शेठ कुरकुरत तयार झाले. कडता पट्टीवर दिसू लागल्यावर शेतकरी विचारू लागले, काहींनी गाळ्यासमोर भांडण केले, आणि दिवाळीपर्यंत सुक्या मालावरचा कडता अर्ध्यावर आला. तो पूर्ण बंद झाला असे मी म्हणणार नाही. मला पुढील दोन वर्षे पट्ट्यांवरून काढून वसुलीवर बसवले, तेही सांगायला हवे, कारण वचन पाळले की बढती मिळते असे साक्ष देताना सांगणारे लोक मला भेटले आहेत. तोलाराची मी क्षमा मागितली. त्याने “जाऊ द्या” म्हटले. त्या दोन शब्दांत काय होते ते मला अजून नीट कळलेले नाही.

तेव्हापासून मी एक लहान वही ठेवते आणि नवीन मुलांनाही ठेवायला सांगते. त्यात आठवड्याची एक ओळ लिहायची, तिच्यापुढे स्वतःच्या हातात असलेले एकच काम लिहायचे, आणि झालेल्या कामांची नोंद करायची नाही. न झालेलीच 'नावे', म्हणजे देण्याच्या बाजूला, टाकायची. आधी मी झालेलीही लिहीत असे, पण त्यातून स्वतःची पाठ थोपटण्यापलीकडे काही निघाले नाही. शुभवर्तमानातील जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले होते. जुन्नरच्या त्या शेतकऱ्याचे ९६० रुपये माझ्या वहीत अजून नावे आहेत.

वहीतील दुसरी जुनी नोंद घरची आहे. बाजारातील तराजूवर एवढे लिहिणारी मी, धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला देत असे, कारण माझा पगार सातला होई आणि मधले दोन-तीन दिवस एटीएमला जायचे राहून जाई. मजुरी रात्रभर न ठेवण्याची ओळ मी त्या अध्यायात निदान वीस वेळा वाचली असेल. एकदा मावशींनी पाच तारखेला तीनशे रुपये उसने मागितले आणि मी 'देते' म्हटले, मोठ्या मनाने. त्यांचेच पैसे मी त्यांना उसने देत होते. आता एक तारखेला पाकीट ओट्यावर असते, आणि माझा पगार व्हायचा असल्यामुळे त्यासाठी महिनाभर आधीचे पैसे बाजूला ठेवावे लागतात.

नवीन मुले सर्वांत जास्त संकोचाने विचारतात तो प्रश्न कामावरच्या पूजेचा. आमच्याकडे दिवाळीला वहीपूजन होते आणि नवीन वही माझ्या टेबलावर येते. पहिल्या पानावरील 'शुभ लाभ' माझे सहकारी लिहितात, मी चप्पल काढून बाजूला उभी राहते, आणि आरतीनंतर शेठच्या पत्नी पेढा देतात. पेढा घ्यावा की नाही यावर आमच्या मंडळीतही एकमत नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ व दहा हे मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयीचे अध्याय आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय सलग वाचावेत. त्यात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे स्पष्ट आहे. ज्याचे मन खात नाही त्याने हात जोडून नम्रपणे नाही म्हणावे आणि कारणांचे व्याख्यान देऊ नये. मी काय करते ते मी मुलांना सांगत नाही, नाहीतर ती अध्याय न वाचता माझी नक्कल करतात.

एकट्याने हे सर्व चालत नाही. गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघी तलावपाळीजवळ एकीच्या घरी बसतो: एक परिचारिका, एक शिक्षिका, एक बँकेत, आणि मी. सध्या लूकचा सोळावा अध्याय, येशूने सांगितलेला लबाड कारभाऱ्याचा दाखला (बोधकथा), चालू आहे. नोकरी जाणार हे कळल्यावर तो धन्याच्या देणेकऱ्यांना बोलावतो आणि शंभर माप तेलाच्या जागी पन्नास, शंभर माप गव्हाच्या जागी ऐंशी असे त्यांच्याच हाताने लिहून घेतो. आणि धनी त्याची वाहवा करतो. बाकीच्या तिघींना हा दाखला अवघड वाटतो. मला तर तो संतापजनक वाटतो, कारण चिठ्ठी बदलणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. शिक्षिका म्हणते की कारभाऱ्याने कमी केलेला भाग कदाचित त्याच्या स्वतःच्या कमिशनचा असेल. असे मानणारे अभ्यासक आहेत. तसे असेल तर तो कडता उलट्या दिशेने फिरवत होता. तीन गुरुवार यावर गेले आहेत, आणि पुढच्या गुरुवारी आम्ही गव्हाच्या ओळीपासून पुन्हा सुरू करणार आहोत.