लिनक्सवर नेट आपोआप का चालतं? शोधताना या चुका टाळा

ब्राउझर बंद, मेल बंद, तरी पॅनेलवरचा नेटचा आलेख मधूनच उसळतो. आपण घाईघाईने टर्मिनल उघडून एसएस (ss, चालू नेट-जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवतो आणि यादीत संशयास्पद काहीच दिसत नाही. पहिली चूक हीच. एसएस फक्त त्या क्षणाचा फोटो दाखवते. जोडणी अर्ध्या सेकंदात जुळून तुटली, तर ती फोटोत येतच नाही. फार तर मागे ‘टाइम-वेट’ (नुकतीच तुटलेली जोडणी) अशी ओळ मिनिटभर राहते, पण तिच्यापुढे प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं, नाव नसतं.

माझ्या उबुंटू लॅपटॉपवर अशा फोटोंच्या मागे मी दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी कागदावर उसळीच्या वेळा टिपल्या: ९:०२, ९:०७, ९:१२. बरोबर पाच मिनिटांचं अंतर! नेटची जोडणी सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम दर ३०० सेकंदांनी उबुंटूच्या सर्व्हरला एक छोटी विनंती पाठवून इंटरनेट खरंच पोहोचतंय का ते पाहतो. हॉटेलच्या वायफायवर लॉगिनचं पान आपोआप उघडतं ते या तपासणीमुळेच. नको असेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत ती बंद करता येते.

म्हणून आधी वेळा लिहा, हत्यारं नंतर. ठराविक अंतराने होणाऱ्या हालचालीमागे बहुतेक वेळा टायमर, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारी नोंद, असतो. सिस्टिमसीटीएल (systemctl) या आज्ञेला लिस्ट-टायमर्स (list-timers) विचारलं की कोणता टायमर मागे कधी चालला आणि पुढे कधी चालणार ते समोर येतं. एपीटीच्या, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज-व्यवस्थेच्या, अपडेटचा टायमर मात्र फसवतो. तो दिवसातून दोनदा चालतो, पण सगळ्या मशीन एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून त्यात १२ तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. स्नॅप ही दुसरी पॅकेज-व्यवस्थाही दिवसातून चार वेळा अपडेट तपासते.

वेळांवरूनही उलगडलं नाही, तर सतत पहारा देणारं साधन हवं. डेबियन आणि उबुंटूवर बीपीएफसीसी-टूल्स (bpfcc-tools) हे पॅकेज घ्या. त्यातलं टीसीपीकनेक्ट आपल्या मशीनवरून बाहेर जाणारी प्रत्येक नवी टीसीपी जोडणी प्रोसेसच्या नावासकट छापतं, मग ती कितीही अल्पायुषी असो. यूडीपी (जोडणी न जुळवताच डेटा पाठवायची पद्धत) त्यात दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) विसरू नका. त्याशिवाय एसएस दुसऱ्या वापरकर्त्यांच्या प्रोसेसची नावं दाखवत नाही, आणि बिननावाची जोडणी पाहून उगाच धसका बसतो. नेटवरची रहदारी टिपणाऱ्या टीसीपीडंपला ‘एन’ (-n) पर्याय द्यायलाच हवा. नाहीतर तो दिसेल त्या आयपीचं (नेटवरच्या आकडी पत्त्याचं) नाव डीएनएसला, म्हणजे नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या सेवेला, विचारत बसतो आणि आपणच केलेली रहदारी आपण तपासू लागतो. डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) वापरत असाल तर कंटेनरचं नेटवर्क वेगळं असतं; होस्टवरच्या एसएसमध्ये आतल्या जोडण्या दिसत नाहीत, एनएसएंटर (nsenter) या आज्ञेने आत शिरून पाहावं लागतं.

आयपीचा मालक शोधून लगेच निष्कर्ष काढणं हीसुद्धा चूकच. क्लाउडफ्लेअर किंवा अकामाई अशा, इतरांच्या साइट पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या एकाच पत्त्यामागे असंख्य साइट असतात. फायरवॉलमध्ये तो पत्ता बंद केलात तर भलतंच काही अडतं. त्यापेक्षा पोर्ट ५३ वर (डीएनएसच्या विनंत्या जातात त्या दारावर) लक्ष ठेवून कोणतं नाव विचारलं गेलं ते पाहा.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: संशयित प्रोसेस दिसताच ती मारून टाकणं. घातक प्रोग्रॅम कधीकधी डिस्कवरची स्वतःची फाईल पुसून फक्त मेमरीत चालू राहतो. प्रोसेस मारली की तो पुरावाही गेला. आधी नेटची केबल किंवा वायफाय तोडा, प्रोसेसला स्टॉप सिग्नल देऊन गोठवा आणि प्रोक (/proc) फोल्डरात तिच्या क्रमांकाखालच्या ‘एक्सई’ (exe) दुव्यातून फाईलची प्रत काढून घ्या. पुसलेली फाईलही तिथून मिळते. केवर्कर (kworker) असं कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, थ्रेडचं नाव पाहून निर्धास्त होऊ नका. खऱ्या कर्नल थ्रेडच्या त्या दुव्यामागे कुठलीच फाईल नसते. तिथे टेंप (/tmp) किंवा शेअर्ड मेमरीच्या (/dev/shm) फोल्डरातला पत्ता निघाला, तर क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) आणि एसएसएचच्या (दूरवरून लॉगिन करायच्या सोयीच्या) मान्यताप्राप्त किल्ल्यांची फाईल तपासा आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.