क्वाइकने बिअर करताना या चुका टाळा : पुण्याच्या उन्हाळ्यातही यीस्टला थंडी वाजते

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या हौशी ब्रूअर मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता फ्रीज कशाला, क्वाइक आहे ना!" वाक्य अर्धं खरं आहे. नॉर्वेच्या शेतघरांतलं हे यीस्ट ३५ ते ४० अंशांत आनंदाने काम करतं, दोन-तीन दिवसांत वॉर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोड काढा) फस्त करतं आणि त्यातून थिनरसारखा वास येत नाही. उरलेलं अर्धं असं, की त्याला ऊब लागते आणि ती सलग लागते. बहुतेक बिघडलेल्या बॅचची कुंडली मांडली की दोष इथेच सापडतो.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे आणि "घरच्यापुरतीच केली" ही सबब त्यात चालत नाही. त्यामुळे मायक्रोब्रूअरीत परवान्याखाली छोट्या बॅच करणारे, शिकणारे आणि जिथे घरगुती ब्रूइंगला मुभा आहे अशा देशांत राहणारे आपले पुणेकर यांना डोळ्यासमोर ठेवून पुढचं लिहितोय. तापमानाचे आकडे मात्र पुण्याचेच घेतले आहेत, कारण प्रश्न इथूनच येतात.

थोडी पार्श्वभूमी. वॉस, होर्निंदाल, स्ट्रांदा या पश्चिम नॉर्वेच्या भागांत शेतकरी कुटुंबांनी हे यीस्ट पिढ्यानपिढ्या सांभाळलं. लाकडी कड्यांवर नाहीतर कापडावर वाळवायचं आणि पुढच्या सणाला पुन्हा वॉर्टमध्ये सोडायचं, अशी रीत. नॉर्वेचे बिअर-अभ्यासक लार्स मारियस गार्शोल यांनी गावोगाव फिरून या पद्धतींच्या नोंदी केल्या, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. २०१८ च्या एका जनुकीय अभ्यासात ही यीस्ट बिअरच्या इतर यीस्टपेक्षा वेगळ्या गटातली असल्याचं दिसलं. वॉसचे पारंपरिक ब्रूअर ३९-४० अंशांच्या वॉर्टमध्ये यीस्ट टाकतात. हा आकडा खरा आहे. घोटाळा होतो तो त्यानंतरच्या दोन रात्रींत.

दुपारच्या पाऱ्यावर विसंबू नका

पुण्याचा एप्रिल म्हणजे दुपारी ३८-३९ आणि पहाटे २०-२२. कोरड्या हवेत दिवस-रात्रीचा हा फरक फार मोठा असतो. मुंबईकराला हा त्रास नाही. तिथे रात्रसुद्धा घामट असते.

फर्मेंटरच्या, म्हणजे वॉर्ट आंबवायच्या भांड्याच्या आत काय होतं ते पाहा. सकाळी ११ वाजता ३६ अंशांच्या वॉर्टमध्ये यीस्ट टाकलं. संध्याकाळपर्यंत एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) मशीनगनसारखा वाजायला लागतो. आंबताना वॉर्ट स्वतःही उष्णता सोडतं, त्यामुळे पहिली रात्र निभावते, उलट आतला पारा दोन-चार अंश चढलेलाच असतो. दुसऱ्या दिवशी बरीचशी साखर संपते आणि आतली भट्टी मंदावते. मग येते दुसरी रात्र. गॅलरीत ठेवलेला फर्मेंटर पहाटेपर्यंत २६-२७ वर उतरतो. एकदम एवढी ऊब गेली की क्वाइक काम थांबवून सरळ तळाशी बसतं, कारण भराभर तळाशी बसणं हा त्याचा स्वभावच आहे. सकाळी बिअर छान निवळलेली दिसते, एअरलॉक गप्प असतो आणि ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, म्हणजे साखर किती उरली त्याचं माप) १.०१८ वर अडकलेली असते. पाहणारा म्हणतो, "झाली की!" झालेली नसते.

याला उपाय साधेच आहेत. यीस्ट टाकल्याच्या तासापासून फर्मेंटर गोधडीत गुंडाळा. दुसऱ्या रात्री आठवण होऊन गुंडाळण्यात अर्थ नाही, तोवर ऊब निघून गेलेली असते. थर्मोकोलचा मोठा खोका मिळाला तर उत्तमच. गॅलरी आणि खिडकीची जागा सोडून घराच्या मधल्या खोलीत ठेवा. डिसेंबर-जानेवारीत गोधडीने भागत नाही, तेव्हा हीटिंग मॅट आणि तापमान नियंत्रक लागतो. एसटीसी-१००० प्रकारचा नियंत्रक पुरतो. त्याचा प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा, नाहीतर तुम्ही बिअरचं तापमान सोडून खोलीचं तापमान सांभाळत बसाल. काही जण टबात पाणी भरून त्यात मत्स्यालयाचा हीटर सोडतात. चालतं, पण हे हीटर बहुधा ३२-३४ च्या वर जात नाहीत, हे विकत घेण्याआधी लक्षात घ्या.

बॅच अडकलीच तर घाबरून लगेच नवं यीस्ट ओतू नका. फर्मेंटर हळूहळू ३५-३७ वर आणा, झाकण न उघडता अलगद गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा आणि एक दिवस वाट पाहा. बहुतेक वेळा गाडी पुन्हा सुरू होते.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. फर्मेंटर गच्चीवर उन्हात ठेवणारे, "गरमच लागतं ना" म्हणून ४५ अंशांच्या वॉर्टमध्ये पाकीट फाडणारे. चाळिशीच्या वर दोन-तीन अंश गेलं की या यीस्टचाही जीव कासावीस होतो. शिवाय सगळी क्वाइक सारखी नाहीत. वॉस जातीचं यीस्ट ४० पर्यंत खुशीत असतं, लुट्रासारखी साफ चवीची जात ३५ च्या आतच बरी. पाकिटावर लिहिलेली मर्यादा वाचा, ती शोभेसाठी छापलेली नसते.

आणि कृपा करून साधं एल यीस्ट (नेहमीच्या एल प्रकारच्या बिअरचं) या तापमानाला वापरू नका. यूएस-०५ सारखी यीस्ट १८ ते २६ अंशांसाठी आहेत. ती ३५ ला आंबवलीत तर जी बिअर होईल तिने दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसाल.

चमचाभर यीस्टची दंतकथा

"नॉर्वेत चमचाभर टाकतात, जितकं कमी तितका संत्र्याचा वास जास्त." ऐकायला छान आहे. पण तिथली पारंपरिक बिअर १.०७० च्या पुढच्या, भरपूर माल्टच्या वॉर्टची असते. अशा वॉर्टमध्ये यीस्टला खायला-प्यायला मुबलक असतं. आपण करतो साडेचार टक्क्यांची हलकी बिअर, तीही बरेचदा आरओच्या पाण्यात आणि वरून थोडी साखर घालून. त्यात नायट्रोजन, जस्त वगैरे पोषण आधीच कमी. क्वाइक या बाबतीत इतर यीस्टपेक्षा खादाड आहे. उपाशी ठेवलं की सुरुवातच आठ-दहा तास उशिरा होते आणि गंधकाचा वास येतो.

सुकं वॉस यीस्ट असेल तर २० लिटरला ११ ग्रॅमचं पूर्ण पाकीट टाका. यीस्ट न्यूट्रिएंट घाला. ते मिळत नसेल तर पावाचं सुकं यीस्ट एक-दोन चमचे वॉर्ट उकळताना शेवटच्या दहा मिनिटांत टाका. ते उकळीत मरतं आणि क्वाइकला खाऊ होतं. गरम वॉर्टमध्ये ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून यीस्ट टाकण्याआधी नेहमीपेक्षा जास्त वेळ वॉर्ट हलवा.

हे यीस्ट टाकलं की फेस बेफाम येतो. २० लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये १९ लिटर भरणाऱ्यांनी फरशी पुसायचं फडकं जवळ ठेवावं. चौथा हिस्सा रिकामा सोडा आणि पहिले दोन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी पाण्याच्या भांड्यात सोडा.

गरम बिअरमध्ये हायड्रोमीटर खोटं बोलतो

ही चूक बाटल्या फोडते, म्हणून जरा तपशिलात.

ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर बहुधा २० अंशांना जुळवलेला असतो. तसं त्याच्या आतल्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. फर्मेंटरमधून काढलेला नमुना असतो ३८ अंशांचा. गरम द्रव पातळ, त्यामुळे हायड्रोमीटर त्यात जास्त बुडतो आणि आकडा कमी दाखवतो. ३८ अंशांना फरक सुमारे ०.००५ पडतो. म्हणजे दिसलं १.०१०, तर खरी ग्रॅव्हिटी १.०१५.

आता हिशोब करा. तुमच्या रेसिपीत शेवटची ग्रॅव्हिटी १.०१० अपेक्षित आहे. ओट्यावर गरम नमुना मोजला, १.०१० दिसलं, प्रायमिंगची (बाटलीत फेस यावा म्हणून घालायची) साखर घालून बाटल्या भरल्या. प्रत्यक्षात पाच पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) बाकी आहेत. एक पॉइंट आंबला की साधारण अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाच पॉइंटचे अडीच, वर प्रायमिंगचे जवळपास तितकेच. रद्दीवाल्याकडून आणलेली, घासून पांढरी पडलेली बिअरची बाटली एवढा दाब धरायला बनवलेलीच नसते. बाटली भर दुपारी, स्वयंपाकघरात फुटते आणि काच दूरवर उडते.

म्हणून नमुना उंच भांड्यात घ्या, त्यावर झाकण ठेवा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पुण्याच्या मे महिन्यात खोलीच ३२ ची असते, तेव्हा नमुन्याचं भांडं थंड पाण्याच्या पातेल्यात ठेवा. बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात, म्हणून तो बोटांनी हलकेच फिरवून मगच वाचा. सुरुवातीची ग्रॅव्हिटीसुद्धा अशीच थंड करून मोजा, नाहीतर अल्कोहोलचा हिशोबही चुकेल. एक दिवसाच्या अंतराने दोनदा सारखाच आकडा आल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. या दोन्ही वेळी फर्मेंटर उबदार असला पाहिजे. थंड पडून गप्प बसलेल्या यीस्टचा आकडाही दोन दिवस स्थिरच दिसतो!

याला एक उलटी बाजूही आहे. गरम बिअरमध्ये आधीपासूनचा कार्बन डायऑक्साइड कमी उरतो. २० अंशांना साधारण ०.८५ व्हॉल्यूम असतो, ३५ ला ०.६ च्या आसपास. म्हणजे खरोखर पूर्ण आंबलेल्या बिअरला २० लिटरमागे १५ ते २० ग्रॅम साखर जास्त लागते. हे न कळल्यामुळे क्वाइकच्या बिअरबद्दल "फेसच धरत नाही" अशी तक्रार होते. प्रायमिंगच्या गणकात आजच्या खोलीचं तापमान न भरता बिअर ज्या सर्वाधिक तापमानाला पोहोचली ते भरा. दर बॅचला एक बाटली प्लास्टिकची, सोड्याची भरा. ती दाबून कडक लागली की बाकीच्यांचा अंदाज येतो.

विरजणाच्या शेजारी फर्मेंटर

दही ज्या तापमानाला लागतं, त्याच तापमानाला आपण वॉर्ट ठेवतो आहोत. लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्या जिवाणूंना ३५-४० अंश अगदी मानवतात. ज्या ओट्यावर सकाळी ताक घुसळलं, इडलीचं पीठ आंबवलं, तिथेच उघडा फर्मेंटर ठेवणं म्हणजे आमंत्रण आहे. क्वाइक जोरात सुरू झालं तर काही तासांत मैदान त्याचं होतं. उशीर झाला तर जिवाणूंचं. उपाशी क्वाइक उशिरा सुरू होतं, म्हणून वरच्या पोषणाच्या मुद्द्याचा इथेही संबंध आहे.

थोडी आंबट झाक मात्र संसर्गाची खूण नव्हे. क्वाइक पीएच इतर यीस्टपेक्षा जरा जास्त उतरवतं. बिअर ४ च्या आसपास येते आणि हलक्या बिअरमध्ये ते जिभेला जाणवतं. आठवड्यागणिक आंबटपणा वाढत गेला, पीएच ३.७ च्या खाली निघाला किंवा वर पातळ सुरकुतलेली साय धरली, तर मात्र मामला वेगळा. त्या बॅचचं यीस्ट पुढे वापरू नका आणि प्लास्टिकच्या नळ्या फेकून द्या. चरे पडलेल्या प्लास्टिकमध्ये सॅनिटायझर पोहोचत नाही. बिअर नुसतीच पातळ लागत असेल तर पुढच्या वेळी मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६७-६८ अंशांना करा.

पाण्याबद्दल थोडक्यात : महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो बिअरला दवाखान्याचा वास देतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट किंवा कार्बन फिल्टर पुरतो. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर आधी चाखून, टीडीएस मोजून घ्या. आणि गुरुवारी बॅच लावू नका. पाणी नाहीतर वीज, दोन्हींपैकी एक जायची शक्यता पुण्यात त्याच दिवशी जास्त.

तीन दिवसांत आंबली म्हणजे तयार झाली असं नाही

साखर संपली तरी यीस्टचं आवराआवरीचं काम उरतं. कच्च्या सफरचंदाचा किंवा लोण्याचा वास येत असेल तर त्याच उबेत आणखी दोन दिवस द्या. शंका असेल तर दोन पेले घ्या. एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग थंड करा. तापवलेल्यात लोण्याचा वास आला आणि दुसऱ्यात नाही, तर बिअर अजून कच्ची आहे.

काम संपल्यावर मात्र उबेत एक दिवसही उगाच ठेवू नका. यीस्टला मानवणारी उष्णता तयार बिअरला मानवत नाही. ३५ अंशांत ती भराभर शिळी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, हॉप्सच्या फुलांचा वास उडून जातो. मे महिन्यात बाटल्या माळ्यावर ठेवणाऱ्यांनी एवढा खटाटोप कशाला करावा? कार्बोनेशन झालं, म्हणजे बाटलीत गॅस धरला, की सरळ फ्रीजमध्ये. फ्रीजची गरज क्वाइकने पुढे ढकलली आहे, संपवलेली नाही.

तळाचं यीस्ट जपायचं असेल तर उन्हाळ्यात ते बेकिंग पेपरवर पातळ पसरवून, वर स्वच्छ मलमल टाकून, सावलीत पंख्याखाली ठेवा. कोरड्या हवेत एक-दोन दिवसांत त्याच्या कडक पापड्या होतात. त्या हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. जून ते सप्टेंबर हा उद्योग करू नका. दमट हवेत यीस्ट वाळण्याआधी त्यावर बुरशी चढते. पावसाळ्यात गाळ निर्जंतुक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत पुढच्या बॅचला वापरून टाका.