गोव्याला पोकर खेळायला निघालात? या चुका टाळा

महाराष्ट्रात कॅसिनो नाही आणि नजीकच्या काळात होण्याचं लक्षणही नाही. १९७६ साली केलेला कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद झाले. त्यामुळे पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरच्या हौशी पोकर खेळाडूला टेबलावर बसून, डीलरच्या हातची पानं घेऊन खेळायचं असेल, तर पाय आपसूक पणजीकडे वळतात. मांडवीतल्या जहाजांवर.

निघण्याआधी बहुतेक जण तयारी करतात ती कोणत्या पानांवर काय करायचं याची. ती हवीच. पण माझं ठाम मत आहे की तीन-चार दिवसांच्या ट्रिपमध्ये मोठी रक्कम जाते ती पैशाची आखणी, झोप, टेबलाची निवड आणि वेटिंग लिस्टवरचा रिकामा तास यांत. खेळ सुधारायला वर्षं लागतात. या गोष्टी एका रविवारी घरी बसून नीट करता येतात.

ट्रिपच्या निकालावरून स्वतःला जोखू नका

लाइव्ह टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० हँड, म्हणजे डाव, होतात. तीन दिवस रोज आठ तास बसलात तरी सातशेच्या आसपासच. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हँडमध्ये एकदा येते, म्हणजे अख्ख्या ट्रिपमध्ये तीनदा. कुठलीही जोडी १७ हँडमध्ये एकदा, म्हणजे चाळीसेक वेळा. त्यातल्या पाचेक वेळाच फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांवर) सेट, म्हणजे जोडीला तसंच तिसरं पान, लागेल. एक्का-राजा आला तरी तीनपैकी दोन वेळा फ्लॉपवर जोडी लागत नाही. एवढ्या थोड्या हँडमध्ये चांगला खेळणारा हरून येतो आणि वाईट खेळणारा जिंकून येतो, हे अगदी नेहमीचं आहे.

म्हणून ट्रिपचे पैसे ‘गुंतवणूक’ म्हणून नेऊ नका. पूर्ण गेले तरी घरभाडं, मुलांची फी, हप्ते यांना धक्का लागणार नाही, एवढीच रक्कम वेगळी काढा. आणि घरी खरा आकडा सांगून जा. आकडा लपवलेला असला की तो भरून काढायची घाई टेबलावर तुमच्याबरोबर येऊन बसते.

पाटीवरचे ब्लाइंड खरे धरणं

नवख्याचं सगळ्यात जास्त नुकसान मी इथे होताना पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा टेबल १००-२०० चं आहे, म्हणजे पानं बघण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने लावावे लागणारे ब्लाइंड १०० आणि २०० चे आहेत. तुम्ही २०,००० घेऊन बसलात. मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट; हिशेब बरोबर. पण बसल्यावर दिसतं की मोठ्या ब्लाइंडच्या पुढचा खेळाडू पानं बघायच्या आधीच ४०० लावतो. हा स्ट्रॅडल. त्याच्या पुढचा ८०० लावतो, डबल स्ट्रॅडल. आता खेळ खरं तर १००-२०० चा राहिलेलाच नाही. ८०० च्या हिशेबाने तुमच्यासमोर फक्त २५ पट रक्कम आहे. कुणी ८०० चे २,५०० केले, दोघांनी कॉल केला (तेवढेच लावले), की फ्लॉप उघडायच्या आधीच पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, आठ हजारांच्या वर. एक बेट, एक कॉल, आणि तुमचे सगळे पैसे मध्ये. मित्रांच्या घरी सत्ती-अठ्ठी एकाच रंगाची घेऊन स्वस्तात फ्लॉप बघायची सवय असते, ती इथे एका तासात बाय-इन (बसताना घेतलेली रक्कम) संपवते.

उपाय सोपा आहे. टेबलावर नाव आलं तरी लगेच बसू नका. दहा मिनिटं मागे उभं राहून बघा: स्ट्रॅडल किती वेळा पडतो, फ्लॉप उघडण्याआधी सरासरी पॉट केवढा होतो, लोकांसमोर किती रक्कम आहे. एकंदर बजेट त्या *खऱ्या* खेळाच्या किमान तीन बाय-इनएवढं नसेल, तर ते टेबल तुमचं नाही. लहान टेबल नसेल तर त्या दिवशी फक्त टूर्नामेंट खेळा.

टूर्नामेंटचं बजेट करताना री-एंट्री धरा. ५,००० ची टूर्नामेंट दोनदा परत शिरलात की १५,००० ची होते. बक्षीस साधारण पहिल्या १० ते १५ टक्के खेळाडूंना मिळतं, म्हणजे बाकी सगळे रिकाम्या हाताने उठतात. स्पर्धा दोन दिवसांची असेल तर परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचं काढू नका. घड्याळाकडे बघत खेळणारा माणूस नको तिथे ऑल-इन करतो, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतो.

ओमाहाच्या टेबलावर होल्डेमच्या डोक्याने बसणं

भारतातल्या लाइव्ह खेळात चार पानी ओमाहाचं प्रस्थ मोठं आहे. होल्डेमची (हातात दोन पानं असलेल्या नेहमीच्या पोकरची) रांग लांब आणि ओमाहाच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी, असं झालं की हात शिवशिवतात. बसू नका, निदान नियम अंगवळणी पडेपर्यंत तरी. ओमाहात हातातली *नेमकी दोन* आणि टेबलावरची *नेमकी तीन* पानं धरायची असतात. टेबलावर चार बदाम आणि तुमच्या हातात एकटा बदामचा एक्का असेल, तर तुमच्याकडे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) नाही. होल्डेममध्ये तो सगळ्यात वरचा फ्लश ठरला असता. शिवाय ओमाहात दोन चांगल्या हातांमधला फरक कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच रकमेत चढउतार कितीतरी मोठे होतात.

पस्तीस टक्क्यांचा गैरसमज

फ्लॉपवर फ्लशला एक पान कमी असेल तर तो ३५ टक्के वेळा लागतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हे ३५ टक्के टर्न आणि रिव्हर (टेबलावरचं चौथं आणि पाचवं) अशी दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तरच.

समजा हातात बदामची अठ्ठी आणि सत्ती. टेबलावर बदामचा राजा, बदामची दुर्री, चौकटची राणी, आणि टर्नवर इस्पिकची तिर्री. पॉट ३,०००, समोरच्याने १,५०० लावले. तुम्हाला १,५०० टाकून एकंदर ६,००० च्या पॉटसाठी खेळायचं आहे, म्हणजे २५ टक्के शक्यता हवी. न दिसलेली ४६ पानं, त्यांत ९ बदाम. १९.६ टक्के. फ्लश लागल्यावर समोरच्याकडून आणखी चांगली रक्कम मिळेल असं वाटत नसेल तर इथे फोल्ड, म्हणजे पानं टाकून द्या. आणि त्याच्याकडे वरचे बदाम असू शकतात, हेही विसरू नका.

हा हिशेब टेबलावर डोकं तापल्यावर जमत नाही. घरी पत्त्यांचा जोड घेऊन, अशी उदाहरणं मांडून, तोंडाने आकडा म्हणत सराव करा. खोट्या चिप्सच्या फुकट ॲपवर बटणांची सवय होते, पण तिथे काहीच जात नसल्याने सगळे सगळ्याला कॉल करतात; त्यावरून ब्लफ चालतो की नाही हे ठरवू नका.

लाइव्ह टेबलाचे रिवाज माहीत नसणं

स्क्रीनवर किंवा मित्राच्या डायनिंग टेबलावर खेळलेल्या माणसाला इथे फटका बसतो. एका तरुणाला चांगला हात लागला होता. समोर १,००० ची बेट. त्याने काही न बोलता ५,००० ची एक चिप पुढे सरकवली. त्याच्या मनात रेझ (बेट वाढवणं) होता. डीलरने ४,००० परत दिले, कारण बेटसमोर न बोलता टाकलेली एकच मोठी चिप म्हणजे कॉल. वाद घालून उपयोग नव्हता, नियम सगळीकडे हाच आहे. रेझ करायचा असेल तर चिपला हात लावायच्या आधी ‘रेझ’ म्हणा आणि आकडा सांगा. एकदा चिप्स ठेवून पुन्हा ढिगातून आणखी आणलेल्या चालत नाहीत. आपली पाळी येण्याआधी बोललेलं अंगाशी येतं. आणि पानांवर एखादी चिप ठेवून ती झाका, नाहीतर डीलर चुकून ती फोल्ड केलेल्या पानांत ओढू शकतो.

दोघं मित्र एकाच टेबलावर असाल तर आणखी जपा. हँड चालू असताना मराठीत कुजबुजू नका. विषय जेवणाचा असला तरी बाकीच्यांना ते एकमेकांना पानं सांगणं वाटणार, आणि त्यांचं चुकत नाही. ‘आपण दोघंच उरलो, चेक-चेक करून टाकू’ (पुढे काहीच लावायचं नाही) हेही तिसऱ्याच्या पैशांवरचा अन्याय आहे. टेबल बदलून मागा, तेच उत्तम.

वाद झालाच तर डीलरने पानं आणि पॉट गोळा करायच्या *आधी* फ्लोअरला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलवा. पॉट सरकला की कुणालाच काही करता येत नाही.

वेटिंग लिस्टवरचा तास

पोकर रूमपर्यंत जायची वाट रूलेट, बॅकरॅट, अंदर-बाहरच्या टेबलांमधून जाते. नाव लागायला वेळ असतो, खिशात पैसे असतात. पोकरमध्ये तुम्ही इतर खेळाडूंशी खेळता आणि घर, म्हणजे कॅसिनो, रेक (पॉटमधला आपला वाटा) घेतं. तिथे निदान चांगल्या खेळाला वाव आहे. रूलेटमध्ये तो नाही. दोन शून्यांच्या चाकावर घराचा वाटा ५.२६ टक्के, एका शून्याच्या चाकावर २.७. कोणतीही पद्धत तो बदलत नाही. पोकरमध्ये दोन बाय-इन गेल्यावर ‘एकाच फिरकीत वसूल’ म्हणून याच टेबलांकडे पाय वळतात. तो तास डेकवर, जेवणात किंवा पुस्तक वाचण्यात घालवा.

दारू बरेचदा पॅकेजमध्येच असते. समोरचे पिणारे आणि तुम्ही न पिणारे, हा त्या खोलीतला सगळ्यात स्वस्त फायदा आहे. तो सोडू नका.

प्रवास आणि कागदपत्रं

स्वारगेटहून रात्रीची बस, घाटात झोपमोड, सकाळी पणजी आणि दुपारी टेबल: असं करू नका. पहिला दिवस झोपेचा ठेवा. कोकण रेल्वेने येत असाल तर पणजीला करमळी स्टेशन जवळ. विमानाने मोपाला उतरत असाल तर शहरात यायला बराच वेळ धरा; मोपा अगदी सिंधुदुर्गाच्या हद्दीला लागून आहे.

वय २१ पूर्ण हवं. मूळ ओळखपत्र आणि पॅन दोन्ही न्या. नोकरीनिमित्त गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसांनी एक लक्षात घ्यावं: गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे.

करांचा हिशेब आधी करा. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला. त्याचा भार तुमच्या प्रवेश शुल्कात येतो, चिप्स घेताना येतो की रेकमध्ये, हे आधी फोन करून नेमकं विचारा. पेहरावाचा नियम, रेकची मर्यादा आणि टेबलं कोणत्या वेळी भरतात, हेही त्याच फोनवर. पत्त्यांच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर लागतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. टूर्नामेंटचं बक्षीस १०,००० च्या वर गेलं की टीडीएस कापूनच मिळतं.

आणि कुणी ओळखीचा निघून ‘व्हिलावर खाजगी गेम आहे, रेक कमी’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. तसा खेळ बेकायदा आहे, तिथे फ्लोअर नाही, आणि पानं कोण पिसतं हे तुम्हाला माहीत नाही.

पहिल्याच रात्री हरलात तर

ट्रिपची रक्कम दिवसांप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा आणि उद्याचं पाकीट हॉटेलच्या खोलीतच राहू द्या. आजचं संपलं की आजचा खेळ संपला. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. त्यावर शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. मित्राकडून उसने घेऊ नका, आणि मित्राला देऊही नका. हे निघण्याआधीच एकमेकांना सांगून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता नकार देताना वाईटपणा येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर खेळावंसं वाटतंय की पैसे परत मिळवावेसे वाटतायत, हे स्वतःला विचारा. दुसरं असेल तर तो दिवस दिवारच्या फेरीबोटीला आणि जुन्या गोव्याला द्या. ट्रिपहून परतल्यावरही वसुलीचा विचार झोपू देत नसेल, कर्ज काढून खेळावंसं वाटत असेल किंवा घरी खोटं बोलावं लागत असेल, तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

जिंकत असाल तर उठण्याची वेळ आधी ठरवलेलीच पाळा. रॅक (चिप्स ठेवायचा ट्रे) मागवा, चिप्स स्वतः मोजा, काउंटरवर रोख मोजल्याशिवाय खिडकी सोडू नका. टीडीएस कापला असेल तर त्याची पावती तिथेच मागून घ्या, आणि बोटीत बसण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा; विवरणपत्र भरताना लागेल.