वॉर्डातली अडचण समितीच्या टेबलापर्यंत कशी न्यावी?

दवाखान्यात भर्ती असलेल्या माणसाजवळ डॉक्टर राउंडपुरते असतात. उरलेला सगळा वेळ उशाशी सून, मुलगा, भाऊ बसलेले असतात. कुठे काय अडतं हे त्यांना सगळ्यांत आधी दिसतं. ते योग्य माणसापर्यंत, गरज पडली तर सरकारी दवाखान्याच्या रोगी कल्याण समितीपर्यंत पोचलं, तर पुढच्या पेशंटचे हाल वाचतात.

भर्तीच्या दिवशीच एक वही करा. पहिल्या पानावर नाव, वय, जुने आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे ते लिहा. जो कोणी पेशंटजवळ थांबेल त्याने तीच वही पुढे चालवायची.

वहीत कसं लिहायचं, यावर बरंच अवलंबून आहे. "इथे कुणी लक्षच देत नाही" हे वाचून इंचार्ज सिस्टर काय करणार? त्याऐवजी असं लिहा: "मंगळवार, रात्री 2.10. सलाईन संपली. बेल दाबली, वाजली नाही. काउंटरवर जाऊन सांगितलं. 2.35 ला बाटली बदलली. दोन वॉर्डांना मिळून एकच सिस्टर होती." यातून दोन कामं सरळ निघतात: बेल दुरुस्त करणं आणि रात्रीची ड्यूटी बघणं. त्या सिस्टरवर आगपाखड केली असती तर ती स्वतःला वाचवण्याच्या मागे लागली असती आणि बेल तशीच राहिली असती. चांगलं झालं तेही लिहा. रात्री उठून आजींची कूस बदलून देणाऱ्या वॉर्डबॉयची नोंद वरिष्ठांपर्यंत एरवी कोण नेणार?

इंजेक्शनआधी "नाव विचारून घेता का?", "हात धुतलेत ना?" असं नम्रपणे विचारायला संकोचू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या रुग्णसुरक्षा दिनाचा विषयच रुग्णांचा सहभाग हा ठेवला होता. सुट्टी होताना गोळ्या कशा द्यायच्या ते सिस्टरला स्वतःच्या शब्दांत परत सांगून दाखवा. चूक असेल तर तिथेच कळते.

तातडीचं असेल ते त्याच पाळीत ड्यूटी डॉक्टरांना सांगायचं. बाकीचं घरी आल्यावर एका पानात उतरवा: काय घडलं, कधी, काय बदलायला हवं. अधीक्षकांच्या नावाने द्या आणि पोच घ्या. कागदपत्रं लागली तर मागा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्ण हक्क सनदेनुसार भर्ती असताना 24 तासांत आणि सुट्टीनंतर 72 तासांत त्यांच्या प्रती मिळायला हव्यात, तर तक्रारीचं लेखी उत्तर 15 दिवसांत. सरकारी दवाखान्याकडून काहीच हालचाल नसेल तर मध्य प्रदेशात 181 ही सीएम हेल्पलाइन आहे.

आणि इंदूरकरांनी एक विसरू नये. रोगी कल्याण समिती ही कल्पना आपल्याच एमवायमधली, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयातली. 1994 मध्ये सुरतेत प्लेग झाला, त्यानंतर इथे उंदरांविरुद्ध मोठी मोहीम झाली आणि त्यातूनच ही समिती उभी राहिली. दवाखान्यातून जमणारं शुल्क आणि देणग्या त्याच दवाखान्याच्या सोयींवर खर्चता येऊ लागल्या. 2005 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती देशभर पोचली. म्हणजे बाहेरच्या माणसाने दवाखान्याच्या कारभारात बोलणं आपल्याकडे नवीन नाही. समितीत लोकप्रतिनिधी आणि नागरिकही असतात. त्यांची नावं दवाखान्याच्या कार्यालयात विचारा.

समितीकडे एकट्याने जाण्यापेक्षा त्याच वॉर्डात राहून गेलेल्या तीन-चार घरांच्या वह्या एकत्र करा. बेल बंद असल्याची नोंद चारही वह्यांत सापडली, तर तो योगायोग म्हणून कुणाला बाजूला सारता येत नाही. दहा मागण्या नेऊ नका. दोनच न्या, त्यातली एक कमी खर्चाची असू द्या, म्हणजे काम लवकर सुरू होतं. त्यातल्या एखाद्या काकूंना बोलायला अवघड वाटत असेल तर त्यांचं पान तुम्ही वाचून दाखवा, पण त्यांना सोबत न्याच.

समितीसमोरून उठण्याआधी कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच लिहून घ्या. त्या तारखेला वॉर्डात जाऊन बेल दाबून बघा.