पडकी मशीद ओळखायची तर आधी इनामाचा कागद शोधा

खानदेशात कुठल्याही पडक्या दगडी भिंतीबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं: पांडवांनी एका रात्रीत बांधली. वहीत लिहून घ्या आणि पुढे चला.

पडक्या मशिदी ओळखायच्या या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे. इमारत पडते, पण तिच्या दिवाबत्तीसाठी लावून दिलेली जमीन, म्हणजे इनाम, कागदावर टिकते.

जागेवर पाहायचं थोडकंच. आपल्याकडून मक्का जवळजवळ पश्चिमेला, म्हणून मशिदीची पश्चिम भिंत बंद, तिच्यात मेहराबचा कोनाडा आणि दर्शनी बाजू पूर्वेला. नुसती लांब भिंत आणि पुढे मैदान असेल तर बहुधा ईदगाह. आत दक्षिणोत्तर कबर दिसली तर मकबरा. थाळनेरच्या फारूकी सुलतानांच्या कबरी एकदा पाहून या, नजर बसते.

१८८०चं खानदेश गॅझेटियर सगळेच उघडतात. उघडावंच, पण त्यात गाजलेली ठिकाणं. शेताच्या बांधावरची भिंत नसते. खरा माल इनामाच्या दप्तरात. १८५२च्या कायद्याने इनामांची कसून चौकशी झाली, लोकांना सनदा दाखवाव्या लागल्या. त्या कागदांत ‘मसजीद चिरागबत्तीबद्दल’ अशी ओळ आणि पुढे मुजावराचं, म्हणजे देखभाल करणाऱ्याचं, नाव मिळालं, की अर्धं काम झालं. त्यासाठी मोडी हवीच. धुळ्याचं राजवाडे मंडळ आणि पुण्याचं पुराभिलेखागार या दोन्ही ठिकाणी मोडीवाचून तुमचं अडेल.

सन वाचताना घाई नको, जुन्या कागदांत शुहूर, फसली, हिजरी अशा वेगवेगळ्या कालगणना असतात. ११७१ हा आकडा शुहूर धरला तर इ. स. १७७०-७१, फसली धरला तर १७६१-६२, हिजरी धरला तर १७५७-५८. मराठी कागदात सन बहुतेकदा अक्षरी असतो, ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असा, तो शुहूर.

मग तलाठ्याकडे गाव नमुना ३, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंद. जुना सर्व्हे नंबर जमीन एकत्रीकरणात कुठल्या गटात गेला ते भूमी अभिलेखात काढा, गावनकाशावर ठेवा. इनामाची जमीन म्हणजे मशिदीची जागा नव्हे, ती कोसभर लांबही असू शकते, चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, वाचा. भिंत, कागद आणि नकाशा जुळले तरच टिपणात ‘मशीद’ लिहा, नाहीतर ‘पश्चिमेला कोनाडा असलेली पडकी इमारत’.

‘तठे काहीच नही शे,’ असं शेतमालक म्हणाला तर वाद घालू नका. जुने उतारे मागणारा माणूस म्हणजे जमिनीवर दावा सांगायला आलेला, असाच गावात समज. कशासाठी आलात ते आधी सांगा, आणि छापताना गट नंबर वगळा.