एसीचं पाणी धरता? मग या चुका टाळा

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एसीखाली बकेट ठेवून ड्रम भरायची आशा असेल तर ती आधी सोडा. एसीचं पाणी म्हणजे हवेतलाच ओलावा, थंड कॉइलवर जमते न पाइपातून गळते, आणि आपल्या विदर्भातली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की गळणार काय! जुलै-ऑगस्टात, विहिरी भरल्या की, तोच दीड टनाचा एसी तासाला लिटरभर सहज देतो. भर उन्हाळ्यात बकेट भराभर भरत असेल तर बहुतेक त्याच खोलीत कूलरही सुरू असतो, म्हणजे कूलर हवेत पाणी सोडून राहिला आणि एसी वीज जाळून तेच बाहेर काढून राहिला, दोघांतला एक बंद करा न बापा.

सगळ्यात जास्त घोळ पाइपाचा. बकेट भरत येते, पाइपाचं टोक पाण्यात बुडते, आत हवा अडकते, मग पाणी उलटं तुंबून इनडोअर युनिटमधून भिंतीवर उतरते आणि लोक मेकॅनिकला फोन लावतात की गॅस संपला. टोक पाण्याच्या चार बोटं वर पायजे, पाइप शेवटपर्यंत उतारावर, मधात कुठं झोळ नको. ड्रमापर्यंत न्यायला बागेच्या नळीचा तुकडा जोडतात, तो उन्हात मऊ होऊन दबला की झालं. हे सगळं बरोबर असून आतून गळतच असेल तर फिल्टर काढून पाहा, कापसाचा न रस्त्याचा धुरळा त्याच्यात असा बसतो की हवाच जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केला की वितळून ट्रेच्या बाहेर. फिल्टर साफ असून बर्फ धरला, तर मग गॅस तपासायला सांगा.

पाणी काचेसारखं दिसते, क्षारही नसल्यासारखेच, पण प्यायचं नाही म्हणजे नाही. तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरची धूळ, बुरशी सगळी त्यातच उतरते. पाखरांच्या भांड्यात न गुरांच्या टाक्यातही नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर काहून टाकतात कोणास ठाऊक, धातूचा अंश गेला की बॅटरीचं आयुष्य कमी होते, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन त्यापेक्षा किती स्वस्त.

खरा उपयोग कूलरमध्ये. अकोला-दर्यापूरकडं खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं कूलरच्या ताटीवर (गवताच्या पॅडवर) पांढरा थर चढतो, हे पाणी मिसळलं की कमी चढतो. फरशी, संडास, मोगऱ्याची कुंडी, चालते. फक्त सर्व्हिसवाल्यानं केमिकल मारून कॉइल धुतली असेल तर पहिले एक-दोन दिवस पाणी फेकून द्या. आणि ड्रम उघडा ठेवू नका, डेंग्यूचा एडिस डास असंच साठलेलं स्वच्छ पाणी शोधतो, आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासा, नुसता रिकामा करून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

गाडीखाली परात ठेवून एसी सुरू ठेवायचा प्रकारही चालतो. लिटरभर पाण्यासाठी एवढं डिझेल? बंद शेडमध्ये तर धुरानं जीव जाईल. गाडीखालचं पाणी बिनरंगाचं, बिनवासाचं असेल तर एसीचं. हिरवं-गुलाबी, चिकट असेल तर ते कूलंट, विषारी असते, कुत्र्यानं चाटायच्या आत धुवून टाका. आणि डाव्या सीटपुढचं मॅट ओलं होत असेल, गाडीखाली मात्र थेंब नाही, तर ड्रेनची नळी चोंदली, गॅरेजात साफ करून घ्या.