राजीनामा लिहिण्याआधी: खानदेशातल्या ब्रदरसाठी

‘नर्सिंगच सोडतो’ म्हणणाऱ्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, बऱ्याचदा नर्सिंग नको नसतं, ते हॉस्पिटल नको असतं. कधी हॉस्पिटलही चालतं, नको असते ती फक्त कॅज्युअल्टीची (तातडीच्या विभागाची) रात्रपाळी. या तिन्हींवर औषध वेगळं आहे, म्हणून राजीनाम्याच्या कागदाला हात लावण्याआधी चार आठवडे खिशातल्या डायरीत हिशोब ठेवा. तेवढ्यात ड्यूटीचा एक फेरा पूर्ण होतो. रोज एकच ओळ पुरे: पाळी कोणती, पेशंट किती, सोबत दुसरा स्टाफ होता का, हँडओव्हरला (पुढच्या पाळीला काम सोपवायला) किती उशीर झाला, आणि औषधं-चार्टिंग (पेशंटच्या नोंदी) सोडून बाकीचा वेळ कशात गेला.

शेवटचा रकाना सगळ्यात जास्त बोलतो. ‘पेशंट जड आहे, ब्रदरला बोलवा’ ही हाक दिवसातून किती वेळा आली ते मोजा. सिलिंडर बदलणं, स्ट्रेचर ढकलणं, गेटवरचं भांडण सोडवणं ही कामं मामांची (वॉर्डबॉयची) किंवा सिक्युरिटीची आहेत, पण माणूस पुरुष आहे म्हणून ती ब्रदरकडे सरकतात. नातेवाईकही तोंडावर ‘मामा’ म्हणतात, तीन वर्षं शिकून आल्याचं कोणी विचारत नाही. सोयरिकीच्या वेळी ‘पोऱ्या काय करस?’ या प्रश्नाचं उत्तर देताना घरचे अडखळतात. हे कारण माणसं उघड बोलत नाहीत, पण सोडण्यामागे ते असतं.

रात्रपाळीचं बघू. फवारणीच्या दिवसांत अडीच वाजता कीटकनाशक प्यालेला पेशंट येतो. त्यावर उतारा अ‍ॅट्रोपिन. अ‍ॅट्रोपिनची एक अँप्यूल 0.6 मिलिग्रॅमची. पहिल्या डोसलाच तीन ते पाच फोडाव्या लागतात, आणि फुफ्फुसं कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट होत जातो. फोडणारा एक, बाहुल्या आणि नाडी पाहणारा तोच, वेळ लिहिणारा तोच, दाराशी पंधरा नातेवाईक. अशा पाळीला दोन स्टाफ नसतील तर दोष तुमच्या सहनशक्तीचा नाही. सर्वसाधारण हॉस्पिटलच्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक आणि आयसीयूत एकास एक नर्स, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण. तुमच्या डायरीतला आकडा त्याशेजारी लिहा.

अंगावर कोणी धावून आलं तर ‘जाऊ द्या’ म्हणू नका. महाराष्ट्राच्या 2010 च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्यात नर्स येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड पन्नास हजारांपर्यंत. त्याच पाळीत घटना रजिस्टरला वेळेसकट लिहा आणि इनचार्जची सही घ्या. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या नोंदीला वजन राहत नाही.

आता पगार. महिन्याच्या आकड्याने फसायला होतं, तासावर काढा. पंधरा हजार पगार आणि बारा तासांच्या 26 ड्यूट्या म्हणजे 312 तास, तासाला 48 रुपये. तुलनेला सरकारी स्टाफ नर्सची मूळ वेतनश्रेणी 35,400 पासून सुरू होते. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर 2016 मध्ये केंद्राच्या समितीने खाजगी हॉस्पिटलसाठी माप सुचवलं: 200 च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारइतका पगार, 100 ते 200 ला त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी, 50 ते 100 ला फार तर पंचवीस टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटांना किमान 20,000. ही शिफारस आहे. ती दाखवून मालकाला कोर्टात खेचता येणार नाही, पण पगारवाढ मागताना हातात काहीतरी ठोस असतं.

डायरी पुरी झाली की कारण एका वाक्यात लिहा. उचलाउचल आणि कॅज्युअल्टी हेच कारण असेल तर मेट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखाकडे) लेखी अर्ज देऊन डायलिसिस, ओ.टी. (ऑपरेशन थिएटर) किंवा कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) मागा. डायलिसिसला पेशंट ठरलेले, वेळ ठरलेली, आणि ते कसब पुढच्या नोकरीत चालतं. तोंडी मागणी मेट्रन बदलली की विसरली जाते. तालुक्याच्या गावी अडचण वेगळी आहे. तिथली बरीच छोटी हॉस्पिटलं बाळंतपणाची असतात. रजिस्ट्रेशन मिडवाइफरीचंही (बाळंतपणाच्या कामाचंही) असलं तरी ब्रदरला लेबर रूममध्ये कोणी उभं करत नाही, मग जागा उरतात एक-दोन. तिथे अर्ज करून उपयोग नाही, गाव बदलावं लागतं. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि त्या शहरांतली मोठी खाजगी हॉस्पिटलं ब्रदर घेतात.

पगार हे कारण असेल तर परीक्षा. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग भरती परीक्षेत वीस टक्के जागा पुरुषांना, मूळ पगार 44,900, खुल्या गटाची वयोमर्यादा 30. रेल्वेचं नर्सिंग सुपरिटेंडंट हे पदही त्याच वेतनश्रेणीत. भुसावळला रेल्वेचं मोठं हॉस्पिटल असल्याने आपल्याकडे ते पद ओळखीचं आहे, पण निवड झाली की भुसावळच मिळेल असं धरू नका. एक मेख मात्र लक्षात ठेवा. बी.एस्सी. नर्सिंगवाल्याला नॉरसेटसाठी अनुभव लागत नाही. जी.एन.एम.वाल्याला, म्हणजे नर्सिंगची पदविका केलेल्याला, दोन वर्षांचा लागतो, आणि तोही किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलचा. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काढलेली पाच वर्षं इथे शून्य धरली जातात. अशा ब्रदरने आज राजीनामा द्यावा तो मोठ्या हॉस्पिटलात जाण्यासाठी, दुकान टाकण्यासाठी नव्हे. राज्याच्या भरतीत जाहिरात उघडल्यावर आधी पुरुषांच्या जागांचा आकडा पाहा, मग फी भरा.

सुरत जवळ आहे, नंदुरबार-अमळनेरहून गाडी थेट जाते, नातेवाईकही तिथे असतात. पण महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन गुजरातेत तसंच चालत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून ना-हरकत घ्या आणि गुजरात कौन्सिलला नोंद करा. हे काम नोकरी चालू असतानाच सुरू करा. आखाती देशाचा एजंट भेटला तर त्याचा सरकारी परवाना पाहा. सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. लाखात बोलणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

सोडायचं पक्कं झालं तर सगळ्यात मोठी माती कागदात होते, म्हणून क्रम पाळा. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलच्या कपाटात असतील तर ‘रिन्यूअलला लागतात’ म्हणून आधी परत घ्या. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी खरंच असतं. नर्सिंग कायमचं सोडत असाल तरी ते चालू ठेवा, बंद पडलं की परतीची वाट लांबते. नंतर नियुक्तीपत्र काढून नोटिशीचे दिवस आणि बाँडची रक्कम वाचा. राजीनाम्याच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा राजीनामा आणि ‘उद्यापासून येत नाही’ हा फोन, दोन्हींनी अनुभवाचं पत्र अडकतं.

ते पत्र हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा. नाव रजिस्ट्रेशनवर आहे तसंच हवं, रजिस्ट्रेशन नंबर, रुजू आणि मुक्त तारीख, खाटांची संख्या, पूर्णवेळ असा उल्लेख, जावक क्रमांक आणि पद ‘स्टाफ नर्स’. पदाच्या जागी ‘वॉर्ड असिस्टंट’ लिहिलेलं असतं आणि ते कागदपत्र तपासणीच्या दिवशी लक्षात येतं. पगार रोख मिळत असेल तर शेवटचे काही महिने तरी बँकेतून मागा, नाहीतर अनुभवाला पुरावा उरत नाही.

पीएफ काढू नका, नव्या नोकरीत वळवून घ्या. पाच वर्षांआधी काढला तर करकपात होऊ शकते, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं तुटतात. मालकाने मुक्त तारीख भरली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर ती स्वतः भरता येते. ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लागू होते आणि कायम नोकरीत सलग पाच वर्षं पुरी व्हावी लागतात. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 14,000 वर सहा वर्षांचे सुमारे 48,460 होतात. चार वर्षं दहा महिने झाली असतील तर दोन महिने कळ सोसून काढा.

शेवटच्या पाळीला क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची गाडी), कपाटाची किल्ली आणि मॉर्फिनसारख्या औषधांचा साठा मोजून द्या. रजिस्टरला आकडे लिहा आणि घेणाऱ्या सिस्टरची सही घ्या. पल्स ऑक्सिमीटर सापडत नाही म्हणून शेवटच्या पगारातून पैसे कापतात, तेव्हा दाखवायला तेवढं एकच पान असतं.